रसाची मात्रा कोण ठरविणार?

नोनी, जांभूळ, आवळा यांच्या रसांच्या बाटल्या आज औषधांच्या दुकानांतून दाटीने मांडलेल्या दिसतात. "वैद्यराज, हा रस चालू केला, आता मधुमेहाची गोळी बंद करू का?" असे रुग्ण विचारतात, तेव्हा आम्हांस स्पष्ट बोलणे भाग पडते.

नोनी म्हणजे आपली बारतोंडी. युरोपीय संघाने २००३ मध्ये तिच्या रसास मान्यता दिली, ती अन्न म्हणून. औषध म्हणून नव्हे. त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. वृक्कविकाराच्या एका रुग्णाच्या रक्तात वाढलेल्या पोटॅशियमचा संबंध या रसाशी असल्याची नोंद २००० मध्ये अमेरिकेत झाली. जांभूळ कषाय, ग्राही व वातकर आहे. प्रमेहात आपण प्रामुख्याने त्याच्या बीजाचे चूर्ण योजतो. बाटलीत असतो तो गराचा रस, कित्येकदा साखरेसह.

पंचविध कषायकल्पनांत स्वरस सर्वाधिक गुरू. म्हणूनच शार्ङ्गधरांनी त्याची मात्रा अर्धा पल सांगितली. अग्नी न पाहता पेलाभर रस रिचविणे ही चिकित्सा नव्हे.

फळांचे गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु 'कोणता रस घेता, किती घेता?' हा प्रश्न वैद्यबंधुभगिनींनी प्रत्येक केसपेपरवर नोंदवावा. वृक्कविकारात तर तो विसरूच नये.