पोकरचा पेशा? आधी थांबता येतं का ते पाहा

"डॉक्टर, झोप येत नाही, गोळी द्या." पंचविशीतला मुलगा, सोबत आई. विचारपूस केल्यावर कळलं, दर शनिवार-रविवार तो गोव्याच्या कॅसिनोत पोकर खेळतो आणि आता नोकरी सोडून तोच पेशा करणार आहे. आई म्हणाली, "जुगारच की हा!" तो म्हणाला, "नाही, कौशल्य आहे."

माझ्या मते दोघांचंही बरोबर आहे आणि धोका नेमका तिथेच आहे.

पोकरमध्ये गणित आणि संयम लागतो, हे खरं. पण तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आणि समोर राजांची जोडी असली, तरी पाचांतला साधारण एक डाव तुम्ही हरताच. म्हणून चांगला खेळाडू कित्येक महिने हरू शकतो आणि कच्चा खेळाडू जिंकत राहू शकतो. आपला मेंदू मात्र जिंकलं की 'माझं कौशल्य' आणि हरलं की 'नशीब' असा हिशोब मांडतो. त्यातून कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस माणसाला जास्तच खिळवून ठेवतं.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. ठरवूनही थांबता न येणं, गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा बसणं, घरी खोटं बोलणं, उसनवारी करणं ही त्याची लक्षणं. हुशार माणसालाही तो होतो.

तरीही या वाटेने जायचंच असेल, तर एवढं पाळा:

• नोकरी सोडू नका. बुडाली तरी घर चालेल एवढीच रक्कम वेगळी काढा.
• उठायची वेळ बसण्याआधीच ठरवा.
• प्रत्येक बैठकीची हार-जीत वहीत लिहा.
• दारू प्यायल्यावर, रागात किंवा जागरणानंतर खेळू नका.
• पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. कौशल्याचा खेळ म्हणून त्यातून सूट नाही.

त्या मुलाला मी गोळी दिली नाही. महिनाभर पत्त्यांना हात लावू नकोस, एवढंच सांगितलं. दहाव्या दिवशी तो एकटाच आला. म्हणाला, "नाही जमलं, डॉक्टर." उपचार त्या दिवशी सुरू झाले.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर जरूर बोला.