सामाईक गच्ची आणि ऊन पाणी

लष्कर-ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांत थंडीची पहाट पूर्वी बंबाच्या धुराने होत असे. किती लाकडे जळाली हे डोळ्यांना दिसे, म्हणून काटकसरही होई. आता गिझर मुकाट्याने तापतो आणि खर्च कळतो तो महिनाअखेरीस.

हिशेब सोपा आहे. १०० लिटर पाणी १५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारे ३ युनिट वीज लागते. रोजचे तेवढे पाणी धरल्यास महिन्याला ९०. देशातील बहुतांश वीज अजून कोळशाचीच. तेव्हा न्हाणीघरातला धूर गेला तो दूरच्या वीजकेंद्रात, इतकेच.

गच्चीवरचा सौर बंब हेच पाणी उन्हावर तापवतो. धुक्याच्या दिवसांत तेवढी विजेची जोड लागते. हवेतली उष्णता ओढणारा उष्णता-पंप गिझरच्या साधारण एक तृतीयांश विजेत काम भागवतो. दोहोंची किंमत मात्र आरंभीच मोजावी लागते.

घोडे अडते ते येथे. वाडा चार भावांचा, गच्ची सामाईक. संमती कोणी द्यावी, पैसे कोणी घालावे, या वादात वर्षे जातात. बिल भरतो तो भाडेकरू, किंवा बिलाच्या धाकाने पौषातही गार पाण्याने अंघोळ उरकणारी एखादी वृद्ध काकू. वाटणीसाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आमच्या घराण्यांनी एक कागद सामाईक टाकीसाठीही करावा: खर्च हिश्शाप्रमाणे, पाणी गरजेप्रमाणे. पुढल्या थंडीपूर्वी हे व्हावे, एवढीच विनंती.