गाणं बघितलंत का?

‘अहो, ऐकलंत का?’ हा प्रश्न पूर्वी आमच्या घरात दोनच दिशांनी यायचा. एक स्वयंपाकघरातून, आणि दुसरा, नवी रेकॉर्ड पिशवीत घालून आलेल्या शेजाऱ्याकडून. पहिल्या वेळी ऐकलं नसलं तरी मी ‘ऐकलं’ म्हणायचो आणि दुसऱ्या वेळी ऐकलेलं असलं तरी ‘नाही’ म्हणायचो. म्हणजे शेजारी पुन्हा वाजवून दाखवी. हल्ली स्वयंपाकघरातला प्रश्न शिल्लक आहे, दुसरा गेला. गाण्याबद्दल आता विचारतात, ‘बघितलंत का?’

गाणं बघायचं! उद्या कोणी ‘बासुंदी ऐकलीत का?’ म्हणून विचारलं तरी मी दचकणार नाही.

हा विषय मी काढला नसता, पण एका रविवारी सकाळी माझा भाचा एक कागद घेऊन आला. पोरगा गुणी. नोकरी सांभाळून बारा वर्षं गाणं शिकला. गळ्यात मींड अशी, की ऐकताना हातातला चहा निवतो. मित्राच्या पावसावरच्या कवितेला त्याने चाल लावली होती. मी म्हटलं, ‘वा! म्हण की.’ तर म्हणाला, ‘म्हणतो रे मामा, पण आधी हे बघ. व्हिडिओ करायचाय.’

कागदावर हिशेब होता. तबलजी दीड हजार, बासरीवाला दोन हजार, स्टुडिओ आठ हजार. झालं गाणं. त्याखाली रेघ मारून व्हिडिओ. कॅमेरा पंधरा हजार, ड्रोन बारा हजार, नायिका दहा हजार, तिची रंगरंगोटी चार हजार, पावसाचा टँकर सहा हजार, डायरेक्टर आणि एडिटिंग तेवीस हजार. म्हणजे गाणं साडेअकरा हजारांचं आणि त्याचं चित्र सत्तर हजारांचं! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, पण इथे मसाला खाऊन झाल्यावर कोंबडी होती की नाही हेच आठवू नये असा बेत होता.

‘पैसे कुठून आणलेस?’

‘आईने एफडी मोडली.’

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, ‘अरे, १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, छप्पन गाणी. लोक रेडिओला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. सीतेचा मेकअप कोणी केला आणि शरयूवरून ड्रोन कोणी उडवला, हे एकानेही विचारलं नाही. डोळे मिटले की अयोध्या दिसायची. ती प्रत्येकाची वेगळी, आणि सगळ्यांची फुकट!’

भाचा शांतपणे म्हणाला, ‘आणि पणजी बालगंधर्वांचे शालू बघायला नाटकाला जायची, हे मला कोणी सांगितलं? तूच ना?’

मी चहा मागवला. घराण्याच्या गोष्टी मुलांना सांगू नयेत त्या यासाठी.

पण एवढ्यावर हार मानली तर तो मराठी मामा कसला? हे व्हिडिओ प्रकरण सुरू कुठून झालं याचा मी छडा लावला. लावला आणि जरा वरमलोच, कारण सुरुवात अगदी सोज्ज्वळ निघाली. १९६६ साली बीटल्सनी दोन गाण्यांच्या छोट्या फिल्म काढल्या, त्या एवढ्याचसाठी की देशोदेशींच्या टीव्ही केंद्रांवर चौघांनी जातीने जाऊन उभं राहणं जमेना. लग्नाला जाता येत नसलं की आपण अहेराचं पाकीट पाठवतो, तसं. १९७५ साली क्वीन या बँडनेही तेच केलं. दौऱ्यामुळे टीव्हीवर जाता येईना, म्हणून ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची फिल्म चारेक तासांत उरकून पाठवून दिली. गाणं इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसलं. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बुलसारा, आमच्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. म्हणजे या पापात सातारा जिल्ह्याचाही वाटा आहे.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. गवई येऊ शकत नाही, म्हणून त्याचं चित्र आलं. चित्र गवयाच्या ऐवजी होतं, गाण्याच्या ऐवजी नव्हतं. गाडी घसरली ती पुढे. १ ऑगस्ट १९८१ ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि मुहूर्ताला त्यांनी गाणं लावलं ते कोणतं, तर व्हिडिओने रेडिओच्या गायकाला ठार मारलं या अर्थाचं. मयताच्या घरासमोर बारशाचे पेढे वाटण्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. सुरुवातीला या चॅनेलला व्हिडिओ फुकट मिळत. रेकॉर्ड कंपन्या जाहिरात म्हणून आणून देत. आणि त्यांचा खर्च? तो कंपन्या बऱ्याच वेळा गायकाच्याच रॉयल्टीतून वळता करून घेत. म्हणजे भिंत चॅनेलची, जाहिरात कंपनीची, आणि चुना मात्र गवयाला.

फायदा होत नाही असं मी म्हणत नाही. मायकल जॅक्सनची ‘थ्रिलर’ रेकॉर्ड १९८२ ची. वर्षभराने खप उतरायला लागला तेव्हा, १९८३ च्या डिसेंबरात, त्याने भुतांचा नाच घातलेली चौदा मिनिटांची फिल्म काढली आणि खप पुन्हा उसळला. भूत उतरवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. भुतं नाचवून खप चढवणारा हा एकटाच.

प्रश्न एवढाच, की व्हिडिओने खपतं ते नक्की काय? आपल्याकडे १९९५ साली ‘मेड इन इंडिया’ आलं. गायिका अलिशा चिनॉय. त्या काळात तरुण असलेल्या कोणत्याही बाईंना त्याबद्दल विचारा. त्या क्षणभर खिडकीबाहेर बघतील आणि म्हणतील, ‘मिलिंद सोमण!’ त्यांनी गाण्यात एक सूर लावलेला नाही. चाल बिद्दूची होती, हे आठवणारा मला अजून भेटायचाय. दलेर मेहंदींना तर लोक तोंडावर म्हणू लागले, की तुमची गाणी चालतात ती व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे. गडी इरेला पेटला. १९९८ च्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये त्याने एकही बाई ठेवली नाही, चार माणसं नाचवली आणि चारही स्वतःच! अपमानाला इतकं सुरेल उत्तर मी दुसरं बघितलं नाही. बघितलं म्हणालो ना? तेच ते.

असो. भाच्याचं शूटिंग मे महिन्यात वाईजवळ मेणवलीच्या घाटावर झालं. गाणं पावसाचं, ऊन चाळीस अंशांचं. टँकरवाल्याने पाऊस पाडायला सुरुवात केल्यावर गावातल्या दोन बायका हंडे घेऊन आल्या आणि गाण्याचा खरा अर्थ तेवढ्या दोघींना कळला. तबलजीला बोलावलंच नव्हतं, कारण तबला भिजतो. बासरीवाल्याऐवजी डायरेक्टरचा देखणा मित्र होता. त्याने बासरी भोकं खाली करून धरली होती. मला झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, ‘काका, तुम्ही जुन्या आठवणीत हरवलाय.’ मी एफडीचा विचार करत बसलो. डायरेक्टर म्हणाला, ‘काय एक्स्प्रेशन दिलंत!’

चार मिनिटांच्या गाण्यात गाणारा पडद्यावर पाऊण मिनिट आहे. उरलेला वेळ नायिका घाटाच्या पायऱ्या उतरते. मेणवलीच्या घाटाला इतक्या पायऱ्या आहेत हे नाना फडणवीसांनाही माहीत नसेल.

व्हिडिओ यूट्यूबवर चढला. सहा महिन्यांत चार हजार तीनशे जणांनी बघितला. पैसे किती मिळाले? शून्य. जाहिरातींचा वाटा मिळायला आधी हजार सबस्क्रायबर लागतात आणि वर्षभरात लोकांनी मिळून चार हजार तास बघावं लागतं. आमच्या अख्ख्या गोतावळ्याने जेवणखाण सोडून बघितलं तरी ते तास भरत नाहीत.

मी ‘सांगितलं होतं’ म्हणायच्या तयारीत होतो, तेवढ्यात एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. दिवाळी पहाटेला भाच्याचं गाणं ठरवायचं होतं. मानधन पंधरा हजार. पाठोपाठ एका साखरपुड्याचं आमंत्रण, तेही पंधराचं. मला राहवेना. सेक्रेटरींना विचारलं, ‘गाण्यातलं काय आवडलं?’ ते म्हणाले, ‘खरं सांगू? रात्री बघितलं, मिसेस झोपल्या होत्या, म्हणून आवाज बंदच ठेवला होता. पण काय गातो हो तुमचा भाचा!’

बारा वर्षांची मींड. आवाज बंद.

त्या रात्री मला गवई लोक व्हिडिओ का करतात ते कळलं. हौस म्हणून नाही, पैसे उतू चालले म्हणूनही नाही. गाणं विकलं जात नाही, म्हणून गाणं फुकट वाटायचं आणि गाणाऱ्याला भाड्याने द्यायचं, असा हा धंदा आहे. रेकॉर्ड गेली, कॅसेट गेली, सीडी गेली. उरला तो दिवाळी पहाटेचा मांडव. तिथवर पोचायचं तर आधी कोणाला तरी दिसावं लागतं, आणि दिसायला सत्तर हजार लागतात. साडेअकरा हजारांचं गाणं ऐकणारा कोणी भेटला असता, तर माझ्या बहिणीची एफडी आज जागेवर असती.

आणि तो ऐकणारा भेटला नाही, याला कोण जबाबदार? एमटीव्ही? मायकल जॅक्सन? नाही हो. तुम्ही आणि मी. मी शेवटची कॅसेट विकत घेतली त्याला पंचवीस वर्षं झाली असतील. गाणी रोज ऐकतो. मध्ये जाहिरात आली, तर तिचे पाच सेकंदसुद्धा मला कंठत नाहीत. आणि त्या जाहिरातीतूनच गवयाला काय ते दोन पैसे मिळायचे असतात. सिनेमाच्या मध्यंतरात चारशे रुपयांच्या लाह्या आपण तोंडातून ब्र न काढता घेतो. दिवाळी पहाटेला दोनशेचं तिकीट म्हटलं, की आपल्याला एकदम संस्कृती आठवते. ‘कला ही का विकायची वस्तू आहे?’ हे वाक्य एखाद्या गवयाच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही. ते नेहमी पहिल्या रांगेत, फुकट पासावर बसलेला माणूस म्हणतो.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. गवयांना नावं ठेवायचं आपण बंद करू या. ते बिचारे टँकर आणतात, कारण आपण कान द्यायचे बंद केले. एखादं गाणं मोबाइल पालथा घालून, डोळे मिटून, एकदा तरी पुरं ऐका. आवडलं तर गाणाऱ्याला चार पैसे मिळतील असं काही करा. तिकीट काढा. पास मागू नका. आणि आवाज बंद करून तर मुळीच ऐकू नका.

भाच्याची दोन मानधनं एफडीत परत गेली. अजून साडेएक्कावन्न हजार बाकी आहेत. ते वसूल करायला तो आता दुसरा व्हिडिओ करतोय. मी विरोध करणार होतो. पण पहिल्या व्हिडिओखाली सत्तावीस जणांनी अभिप्राय लिहिलेत, आणि त्यांतले अकरा ‘बाकावरचे काका’ या विषयावर आहेत. अंतऱ्यातल्या मींडेबद्दल एकही नाही. डायरेक्टर म्हणतो, या वेळी काकांना जरा जवळून घेऊ.

झब्बा शिवायला टाकलाय. फिक्या रंगाचा. गडद रंग उठून दिसत नाही म्हणतात.