रोमची मुदतवाढ

इ.स.पू. 326 मध्ये रोमच्या फौजा आजच्या नेपल्सपाशी वेढा घालून बसल्या होत्या. सेनापती पब्लिलियस फिलो कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी होता आणि त्याचे वर्ष संपत आले होते. ऐन वेढ्यात सेनापती बदलणे शहाणपणाचे नव्हते. म्हणून पद संपले तरी लढाई उरकेपर्यंत अधिकार त्याच्याकडेच ठेवावेत, असे ठरले. रोमच्या इतिहासात मिळणारी ही पहिली मुदतवाढ. निर्णय समंजस होता. मीही तेच मत दिले असते.

परंपरेप्रमाणे इ.स.पू. 509 मध्ये राजा टार्क्विनला हाकलल्यावर रोमनांनी सत्तेला कुंपण घातले ते मुदतीचेच. कॉन्सल दोन, तेही वर्षापुरते. एकाने उचललेले पाऊल दुसऱ्याने अडवावे. जनतेच्या बाजूने ट्रिब्यून, त्यांनाही एकच वर्ष. अगदी संकट ओढवले तर सारे अधिकार एका डिक्टेटरच्या हाती द्यायचे, पण सहा महिन्यांत त्याने घरी जायचे. याला लोकशाही म्हणता येणार नाही. मतदानात धनिकांचे वजन मोठे होते, बायका आणि गुलाम तर बाहेरच. तरी कुणा एकाचे कायमचे राज्य होऊ नये, याची काळजी या व्यवस्थेने चार शतकांहून अधिक काळ घेतली.

मग भीती आणि घाई यांनी एकेक दोरी सैल केली. इ.स.पू. 133 मध्ये सरकारी जमीन भूमिहीनांना वाटू पाहणारा टायबेरियस ग्रॅकस दुसऱ्यांदा ट्रिब्यून होण्यासाठी उभा राहिला. सिनेट या उमरावांच्या सभेतल्या मंडळींनी त्याला भरदिवसा ठेचून मारले. त्याने रीत मोडली होती, त्यांनी तर माणूसच मारला. उत्तरेकडून टोळ्या चालून येताच सेनापती मारियसला इ.स.पू. 104 पासून सलग पाच वर्षे कॉन्सल केले गेले. सुल्ला या दुसऱ्या सेनापतीने फौज घेऊन रोमवरच चाल केली आणि इ.स.पू. 82 मध्ये तो डिक्टेटर झाला तो मुदतीविना. पुढे त्याने आपण होऊन पद सोडले याचे कौतुक होते, पण वाट मोकळी करून दिली ती त्यानेच. सीझर आधी अकरा दिवस डिक्टेटर होता, मग एक वर्षासाठी, मग दहा वर्षांसाठी, आणि इ.स.पू. 44 मध्ये तहहयात. त्यानंतर महिनाभरातच त्याचा खून झाला. माणूस गेला की प्रजासत्ताक परत येईल, अशी मारेकऱ्यांची भाबडी समजूत होती.

सीझरचा वारस ऑगस्टस या साऱ्यांपेक्षा धूर्त. इ.स.पू. 27 मध्ये त्याने सारे अधिकार सिनेटला ‘परत’ केले. सिनेटने सैन्य असलेले बहुतेक प्रांत त्याच्याकडे सोपवले, तेही फक्त दहा वर्षांसाठी. ती संपल्यावर पाच वर्षे, पुन्हा पाच, मग दहा, आणखी दहा, आणखी दहा. इ.स.पू. 23 मध्ये ट्रिब्यूनचे पद न घेता त्याने ट्रिब्यूनचे अधिकार तेवढे घेतले, आणि ते आयुष्यभरासाठी. पुढच्याच वर्षी धान्यटंचाई झाली, तेव्हा लोकांनीच गर्दी करून त्याला डिक्टेटर हो म्हणून गळ घातली. त्याने ती पदवी नाकारली आणि धान्यपुरवठा हाती घेतला. माझ्या मते प्रजासत्ताकाचा शेवट इथे आहे, कुठल्या रणांगणावर नव्हे. भुकेल्या माणसाला मुदतीची चाड नसते, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? दोष द्यायचा तर सिनेटला. दर खेपेला हात वर करणारे सभासद पोटभर जेवलेले होते.

पुढचे सारे वेगाने घसरले. ऑगस्टस इ.स. 14 मध्ये वारला आणि अधिकाऱ्यांची निवड जनसभांकडून सिनेटकडे गेली. सम्राट व्हेस्पेशियनला राज्याच्या हिताचे वाटेल ते करण्याची मुभा देणारा कायदा तर काशाच्या पत्र्यावर कोरला गेला. तो पत्रा रोममध्ये आजही पाहता येतो. इ.स. 193 मध्ये सम्राटाच्या अंगरक्षकांनी सिंहासनाचा चक्क लिलाव पुकारला.

सभागृह भरते, मतदान होते, म्हणून सारे ठीक चालले आहे असे ज्यांना वाटते त्यांनी लक्षात घ्यावे की ऑगस्टसच्या रोममध्ये हे दोन्ही होत होते. तिथले कॉन्सलपद तर पश्चिमेकडचा शेवटचा सम्राट पदच्युत झाल्यावरही पासष्ट वर्षे टिकले. सम्राट नसलेला शेवटचा कॉन्सल बॅसिलियस, इ.स. 541. त्याचे मुख्य काम लोकांसाठी खेळ भरवण्याचे होते, आणि मुदत एका वर्षाची.