अझुसाच्या आधीचे केडगाव

ख्रिस्ती धर्मातला पेंटेकॉस्टल पंथ १९०६ साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर विल्यम सीमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाने सुरू केला आणि तिथून तो जगभर गेला, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. सीमूरला त्या शहरात बोलावले ते जूलिया हचिन्स या कृष्णवर्णीय बाईंच्या मंडळीने. त्याआधी ह्यूस्टनमध्ये लूसी फॅरो यांनी आपली मंडळी त्याच्यावर सोपवली होती. पुढे लॉस एंजेलिसला येऊन लोकांवर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्याही त्याच. आणि अझुसाच्या आधी, जून १९०५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या केडगावी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे धार्मिक जागृती, पेटले होते. तिथल्या मिनी अब्रम्स यांनी १९०६ मध्ये त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीत मे हूवर या त्यांच्या जुन्या मैत्रिणीला मिळाली. चिलीच्या १९०९ च्या संजीवनाचे मूळ शोधताना केडगाव टाळता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, रमाबाईंनी वेल्सच्या संजीवनाच्या बातम्या ऐकल्या होत्या, मग नवे काय? ऐकल्या होत्याच. पण सीमूरही चार्ल्स पारहॅम या उपदेशकाकडे शिकला होता, तरी त्याचे श्रेय कुणी काढून घेत नाही. दुसरा आक्षेप जड आहे: दुष्काळातून मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या, अन्नाला मोताद असलेल्या मुलींची श्रद्धा कितपत स्वतंत्र? रमाबाईंचा त्यांच्यावरचा अधिकार मोठा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी त्याच मुली टोळ्या करून गावोगाव उपदेशाला गेल्या. त्यांची सुरुवात आश्रितपणाची होती, म्हणून पुढचे कर्तृत्व दुसऱ्याच्या खात्यात टाकायचे का? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातल्या बायकाही आधी मदत घेणाऱ्याच होत्या; पुनर्वसनात संवाद सहाय्यक म्हणून गावाचे काम त्यांनीच पुढे नेले.

उरला पदाचा मुद्दा. मुक्तीतल्या मुलींना पाळकपद नव्हते, म्हणून त्या नेत्या नव्हत्या, हा युक्तिवाद उलटा आहे. पद देणारे पुरुष होते, म्हणूनच ते मिळाले नाही. हे ओळखून आयडा रॉबिन्सन या कृष्णवर्णीय बाईंनी १९२४ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःची माउंट सायनाय मंडळी काढली आणि बायकांना पाळकपदाची दीक्षा दिली. केडगावात तसे झाले नाही. बहुतेक मुलींची नावेही आपण विसरलो. स्वतःला पेंटेकॉस्टल म्हणवणाऱ्या मराठी मंडळ्यांनी आधी १९०५ चे केडगाव आपल्या इतिहासात लिहावे, आणि मगच बाईने वचन सांगावे की नाही यावर वाद घालावा.