पिकअपचे प्लग घरीं कां बदलूं नयेत?

बैलाच्या खुरांत खडा रुतला तर धनी स्वतः वांकून त्याचा पाय उचलून पाहतो. बैल माझा आहे, तेव्हां त्याचें दुखणें प्रथम मला कळलें पाहिजे, असें तो मानतो. तोच धनी, दारांतील पिकअप एक ठोका चुकूं लागली कीं, खिशांतील फोन काढून मिस्त्र्याची विनवणी करूं लागतो. सांप्रत पुष्कळ बागाइतदारांच्या घरीं बैलजोडीची जागा या लहान मालवाहू गाडीनें घेतली आहे. परंतु बैलाविषयीं जी आस्था व जें ज्ञान आपल्या वाडवडिलांजवळ होतें, तें गाडीविषयीं आपणांजवळ आलेलें नाहीं. ही उणीव लहान नव्हे. ती कशानें भरून निघेल, हें एका अगदीं लहान कामाच्या उदाहरणानें सांगण्याचें योजिलें आहे. तें काम म्हणजे इंजिनाचे स्पार्क प्लग घरच्या घरीं बदलणें.

प्रथम एक खुलासा. ज्यांची पिकअप डिझेलवर चालते त्यांस हें काम नाहीं. डिझेल इंजिनांत हवा इतकी दाबली जाते कीं तिच्यांत सोडलेलें डिझेल त्या उष्णतेनेंच पेट घेतें. तेथें ठिणगीची जरूर नसते. कांहीं डिझेल इंजिनांत ग्लो प्लग असतात, पण ते थंड इंजिन सुरू करतेवेळीं उष्णता देण्यापुरते. पेट्रोल व सीएनजी यांचें तसें नाहीं. तेथें हवा आणि इंधन यांच्या दाबलेल्या मिश्रणांत ठिणगी पाडावी लागते, व ती पाडणारा जिन्नस म्हणजे स्पार्क प्लग. ही युक्ति नवी नव्हे. १८६० सालीं लेन्वार याच्या गॅस इंजिनांत विजेच्या ठिणगीनेंच मिश्रण पेटविलें जात असे, आणि १९०२ सालीं जर्मनींत बॉश यांच्या कारखान्यांतून उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर चालणारा प्लग बाहेर पडला. तेव्हांपासून त्याचें मूळ रूप फारसें पालटलेलें नाहीं. पांढऱ्या चिनी मातीसारख्या कवचांतून गेलेली मधली कांडी, बाहेरून आटे पाडलेली धातूची खोळ, आणि टोकाशीं सुमारें एक मिलिमीटरची फट, एवढाच काय तो त्याचा संसार.

ठिणगी उडतां उडतां हीं टोकें झिजतात व फट रुंदावते. रुंदावलेली फट ओलांडण्यास विजेचा दाब अधिक लागतो, आणि एके दिवशीं भरल्या गाडीनें चढ चढतांना ठिणगी पडेनाशी होते. यासच आपल्याकडे ‘गाडी मिसिंग करते’ असें म्हणतात. गॅसच्या मिश्रणांत ठिणगी पाडण्यास पेट्रोलपेक्षां अधिक दाब लागतो. म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाडीचे प्लग लवकर पाहावे लागतात. मिसिंग होत असतां गाडी तशीच रेटली तर न जळलेलें इंधन धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तेथें जळतें, व तो महागडा भाग तापून कायमचा निकामी होऊं शकतो. शे-दोनशे रुपयांच्या साध्या प्लगाकडे केलेलें दुर्लक्ष असें हजारांनीं फेडावें लागतें.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं मेथीच्या जुड्या भरून आमची पिकअप पहाटे बाजारास निघाली. घाटाच्या निम्म्यावर तिची ओढ गेली, धक्के बसूं लागले, व अखेर ती उभी राहिली. दुसऱ्या गाडीनें टोचन करून बाजारांत पोंचेपर्यंत लिलाव आटोपला होता. उन्हानें माना टाकलेली मेथी मिळेल त्या भावानें देऊन आलों. याचें कारण प्लग असतील, हें माझ्या मनांतही येईना. कारण तीनच महिन्यांपूर्वीं एका गॅरेजांत चारही प्लग बदलल्याचें बिल माझ्या पेटींत होतें.

माझें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. कागदावर ऊंस असावा आणि जागेवर पड निघावी, असें तेथें अनेकदां पाहिलें; म्हणून पीकपाहणी बांधावर जाऊनच करावी, हें मी पक्कें जाणत होतों. तरी आपल्या दारांतील गाडीची पाहणी मीं एकदांही केली नव्हती. दुसरे दिवशीं आसन उचलून प्लग काढले. पुढचा, जो हातास सहज लागतो, तो एक मात्र नवा होता. बाकीचे तीन गंजलेले, टोकें गोलावलेलीं, जुनेच होते. बिल मात्र चारांचें होतें.

यावरून सर्व मिस्त्री लबाड आहेत, असें मी म्हणत नाहीं. पुढें ज्यानें मला सांवरून घेतलें तोही मिस्त्रीच होता. माझें म्हणणें इतकेंच कीं, ज्यास आपल्या गाडीचा प्लग कोठें बसतो हें ठाऊक नाहीं, त्यास चांगला मिस्त्री व वाईट मिस्त्री यांतील भेद कळण्याचें साधनच उरत नाहीं. आंधळा विश्वास आणि आंधळा संशय या दोहोंचें मूळ अज्ञानांत आहे.

कोणी म्हणतील, ‘हीं यंत्राचीं कामें, तीं शेतकऱ्याचीं नव्हेत.’ त्यांस एक जुनी गोष्ट आठवून द्यावीशी वाटते. १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल असें शेतकरी म्हणत, व पहिले थोडे नांगर खपण्यासही फार काळ लागला. पुढें त्याच शेतकऱ्यांनीं नांगराचा झिजलेला फाळ स्वतः बदलला, आणि विहिरीवरच्या इंजिनाचें तेल व पट्टाही स्वतःच बदलला. तेव्हां अडचण हातांची कधींच नव्हती. ती मनाची होती. दुसरे कोणी म्हणतील, ‘मजुरी ती किती वांचणार?’ मजुरी फार वांचत नाहीं, हें मला मान्य आहे. वांचतो तो बाजाराचा दिवस, आणि मिळतें तें ज्ञान.

काम कसें करावें, हें आतां थोडक्यांत सांगतों. पहिली गोष्ट, गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडावी. प्लगाचा प्रकार व क्रमांक, फट किती, आणि किती किलोमीटरांनीं बदलावा, हें तींत असतें. साधे निकेलचे प्लग लवकर झिजतात, इरिडियमचे पुष्कळ अधिक टिकतात. परंतु आपल्या इंजिनास कोणता लागतो हें दुकानदारास न विचारतां पुस्तिकेस विचारावें. नकली माल बाजारांत येतो, म्हणून ओळखीच्या दुकानांतून बिलासह घ्यावा.

दुसरी गोष्ट, इंजिन पूर्ण थंड असावें. हेड अ‍ॅल्युमिनियमचें असतें, आणि गरम असतां प्लग उपटूं गेल्यास आटे उखडण्याचें भय असतें. रात्रीं गाडी उभी केली तर सकाळीं हें काम उत्तम होतें. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. लहान पिकअपचें इंजिन बहुधा आसनाखालीं असतें. आसन उचललें कीं कॉइलें दिसतात. तारेचा जोड त्याची खिटी दाबून सोडवावा, तार धरून ओढूं नये. मग कॉइलाचा बोल्ट काढून ती सरळ वर उचलावी. प्लग काढण्यापूर्वीं त्या खड्ड्यांतील धूळ सायकलच्या पंपानें उडवून द्यावी. आपल्या रस्त्यांची माती तेथें सांचलेली असते, व ती सिलिंडरांत पडली तर लाभाऐवजीं हानि होते. एका वेळीं एकच प्लग काढावा व त्या जागीं नवा बसवूनच पुढच्यास हात लावावा. म्हणजे जोडांची अदलाबदल होत नाहीं.

तिसरी गोष्ट फटीची. नवा प्लग खोक्यांतून काढल्यावर फिलर गेजनें फट पाहावी, आणि ती पुस्तिकेप्रमाणें असल्यास तिला हात लावूं नये. इरिडियमचें टोंक अति बारीक असतें. तेथें पत्ती घालून ओढाताण करूं नये. प्लग हातून पडला, तर तो वापरूं नये, कारण आंतील कवचास न दिसणारी चीर गेलेली असूं शकते.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट आवळण्याची. येथेंच मी चुकलों, तेव्हां तें लपवीत नाहीं. पहिल्याच दिवशीं लांब दांड्याचा पाना घेऊन, ट्रॅक्टरच्या चाकाचा नट आवळावा तसा मीं प्लग आवळला. हेडांतील आटे गेले. मग एका भल्या मिस्त्र्यानें तेथें नवीन आट्यांची गुंडाळी बसवून दिली, आणि वांचविलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च झाला. त्यानें मला जें सांगितलें तें सोन्यासारखें आहे: ‘काका, प्लगाला खांदा लावायचा नाही, मनगट लावायचं.’ प्लगाच्या शेंड्यावर रबरी नळीचा तुकडा बसवून त्यानेंच प्लग फिरवीत न्यावा. आटे तिरपे बसूं लागले तर नळी घसरते व आपणांस इशारा मिळतो. पुढें प्लग टेंकेपर्यंत बोटांनींच न्यावा. वायसर असलेला १४ मिलिमीटर आट्यांचा नवा प्लग टेंकल्यावर पान्यानें साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे होतो. काढलेला जुना प्लग परत बसवितांना वायसर आधींच दबलेला असल्यानें फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो. टॉर्क पाना मिळाल्यास अंदाजाचें कारणच नाहीं. पुस्तिकेंतील आंकडा लावावा. १४ मिलिमीटरच्या प्लगास तो साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असतो, आणि १२ मिलिमीटरच्या बारीक प्लगास त्याहून कमी. आट्यांस ग्रीस किंवा तेल लावूं नये. त्यानें तोच आंकडा असतां प्लग अधिक आवळला जातो.

आमच्या गाडीच्या चौथ्या प्लगापर्यंत माझा हात पोंचेना. तो आमच्या सूनबाईनें बसविला, व त्यानंतर हें काम तिच्याकडेच आहे. तिनें दारामागें एक वही टांगली आहे. तींत तारीख, किलोमीटर व प्लगाचा क्रमांक लिहिलेला असतो. चाळीस वर्षांच्या कारकुनीनें मला जें सुचावयास हवें होतें तें तिला आधीं सुचलें.

काढलेला जुना प्लग फेंकण्यापूर्वीं न्याहाळावा, कारण तो इंजिनाचा जबाब आहे. टोंक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन निरोगी आहे. कोरडी काळी काजळी असेल तर इंधन अधिक वा हवा कमी मिळते. आधीं एअर फिल्टर पाहावा. तेलकट काळा असेल तर इंजिनांतील तेल वर येत आहे. टोंक पांढरें पडून फोड आले असतील तर इंजिन फाजील तापतें. शेवटचीं दोन चिन्हें दिसल्यास स्वतः शहाणपण न करतां चांगल्या मिस्त्र्याकडे जावें.

मर्यादाही सांगितली पाहिजे. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर हमीच्या अटी वाचूनच हात लावावा. सीएनजीच्या टाकींत सुमारें २०० बार दाब असतो. टाकी, नळ्या व रेग्युलेटर यांस घरीं मुळींच हात लावूं नये, व टाकीची तपासणी दर तीन वर्षांनीं अधिकृत ठिकाणीं करून घ्यावी. गॅसचा वास आला तर काम थांबवावें आणि गाडी सुरू करूं नये. जाणता मनुष्य तो, ज्यास आपल्या हातांचें सामर्थ्य ठाऊक आहे आणि त्यांची हद्दही ठाऊक आहे.

आपल्या संघास एक सूचना करून हा लेख पुरा करतों. टॉर्क पाना व प्लगाचे पाने प्रत्येकानें विकत घेणें परवडणारें नाहीं, आणि वर्षांतून एखाद्या वेळीं लागणाऱ्या वस्तूंस तें योग्यही नाहीं. संघानें असा एक संच कचेरींत ठेवावा, तो सभासदांस नोंदवहींत सही घेऊन द्यावा, आणि खरीप उरकल्यावर एका रविवारीं एखाद्या सचोटीच्या मिस्त्र्यास मेहनताना देऊन हें काम सर्वांसमोर करून दाखवावें. त्या दिवशीं सभासदांनीं घरांतील लेकी-सुनांसही अवश्य आणावें. मिस्त्र्याची भाकर यानें जाणार नाहीं. उलट, जाणत्या गिऱ्हाईकांत प्रामाणिक कारागिराची किंमत वाढेल, आणि ज्यांचें पोट केवळ आपल्या अज्ञानावर चालतें त्यांचें तेवढें बंद होईल. तसें झालें तर माझी ती मेथी फुकट गेली, असें मी म्हणणार नाहीं.