सायकलच्या टायरवर ‘पंक्चर प्रूफ’ लिहितात, पण पावसात तो घसरणार की नाही हे कोण सांगणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सायकलचे टायर तर त्याआधीपासूनच ५ टक्क्यांत होते. पेट्रोलचा खर्च बघता कामावर जायला सायकल घ्यावी, असा विचार अनेकांच्या डोक्यात आला असेल. त्यात पातळ चाकांची, वेगात पळणारी रोड बाइक आता महानगरांपुरती राहिलेली नाही.

पण ही सायकल रोज वापरायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो टायरचा. दुकानात गेलात की ‘पंक्चर होणार नाही’ असं सांगून टायर विकला जातो. ओल्या रस्त्यावर तो किती धरून राहतो, हे मात्र कोणी सांगत नाही. टायरवरही त्याची नोंद नसते.

पंक्चर झालं तर उशीर होतो. टायर घसरला तर मागून येणाऱ्या गाडीखाली जाण्याची वेळ येऊ शकते. मग बाजारात बोलबाला फक्त पंक्चरचाच का? रायगड किनाऱ्यावरच्या मुरुडचं उदाहरण घेऊन हे समजून घेऊ.

मुरुडच्या रस्त्यांवर वेगळं काय आहे?

मुरुड तालुक्यात रेल्वे नाही. अलिबागहून येणारा रस्ता रेवदंडा, साळाव, कोर्लई, काशीद, नांदगाव करत मुरुडला पोहोचतो. पुढे आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला जाता येतं. एसटी हाच सामान्य माणसाचा मुख्य आधार. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा संप चालला, तेव्हा स्वतःचं वाहन नसलेल्यांचे काय हाल होतात ते राज्यभरच्या गावांनी अनुभवलं. त्यामुळे इथे दुचाकी किंवा सायकल ही हौस नाही, गरज आहे.

आता रस्ता बघा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोकणात सरासरी अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्याची लाल माती वाहून डांबरावर येते. किनाऱ्यालगत वाळू असते. सुरूच्या बनाजवळ ओल्या काड्यांचा थर साचतो. झाडांच्या सावलीतला, ऊन न लागणारा रस्ता शेवाळतो. मासळीच्या गाड्यांमधून गळणारं पाणी वेगळंच. यातल्या कोणत्याही गोष्टीने पंक्चर होत नाही, पण प्रत्येकीवरून चाक निसटू शकतं.

पंक्चर करणाऱ्या गोष्टीही आहेतच. खड्ड्यातून उखडलेली धारदार खडी, बाटल्यांच्या काचा, खिळे, ट्रकच्या फाटलेल्या टायरमधून पडलेल्या बारीक तारा. पावसात हा त्रास वाढतो, कारण ओलं रबर सहज कापलं जातं. पाणी इथे वंगणासारखं काम करतं आणि काच आत शिरते. शिवाय ओली कच टायरला चिकटून राहते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत ढकलली जाते.

म्हणजे मुरुडच्या सायकलस्वाराला दोन्ही हवं: पंक्चरपासून संरक्षण आणि ओल्यातली पकड. अडचण अशी की, या दोन गोष्टींचं एकमेकींशी फारसं पटत नाही.

पंक्चर आणि पकड यांचं वाकडं का?

टायर पंक्चरपासून वाचवायचे मुख्य मार्ग दोन. एक, रबर कडक आणि जाड करायचं. दोन, रबराच्या खाली संरक्षक पट्टा घालायचा.

कडक रबर जास्त टिकतं, लवकर कापलं जात नाही. पण पकड मिळते ती रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात दबून बसतं म्हणून. कडक रबर तसं बसत नाही. कोरड्या रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही, ओल्या वळणावर मात्र लगेच कळतो.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हवा न भरता चालणारे भरीव टायर. पंक्चरचा प्रश्नच नाही. पण सायकल जड चालते, खड्ड्यांचे धक्के थेट हाताला आणि कमरेला बसतात आणि हवेच्या चांगल्या टायरइतकी पकडही मिळत नाही.

पट्ट्याचा मार्ग त्यापेक्षा शहाणा आहे. जर्मन कंपनी श्वाल्बेच्या ‘मॅरेथॉन प्लस’ टायरमध्ये ५ मिलिमीटर जाडीचा लवचिक रबरी थर असतो. छोटा खिळा घुसला तरी तो ट्यूबपर्यंत सहसा पोहोचत नाही. मात्र हा टायर शर्यतीच्या टायरच्या दुपटीहून जास्त जड भरतो. दुसरीकडे कॉन्टिनेन्टलच्या ‘ग्रां प्री’ मालिकेतल्या टायरमध्ये व्हेक्ट्रान नावाच्या चिवट धाग्याचा पातळ पट्टा असतो. तो हलका असतो, पण मोठ्या काचेपुढे त्याला मर्यादा आहेत.

टायरच्या रबरात सिलिका मिसळली तर ओल्यातली पकड सुधारते आणि टायर जडही चालत नाही. मोटारींच्या टायरमध्ये हे तंत्र नव्वदच्या दशकात रुजलं आणि पुढे सायकलच्या टायरमध्येही आलं. त्यामुळे आज ‘मजबूत की पकडीचा’ एवढीच निवड उरलेली नाही. मधला मार्ग निघतो, पण तो ग्राहकाला शोधावा लागतो.

सरकारचा नियम काय म्हणतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जून २०२२ मध्ये टायरसाठी ‘एआयएस-१४२’ या मानकाप्रमाणे तीन कसोट्या सक्तीच्या केल्या: टायर किती सहज फिरतो, ओल्या रस्त्यावर किती पकडतो आणि किती आवाज करतो. ओल्यातली पकड मोजताना ओल्या पृष्ठभागावर ब्रेक लावून टायरची तुलना एका प्रमाण टायरशी केली जाते.

पण हा नियम सी१, सी२ आणि सी३ या गटांना लागू आहे. म्हणजे मोटारी, हलकी मालवाहू वाहनं आणि ट्रक-बस. मोटरसायकल त्यात नाही आणि सायकलही नाही.

युरोपातही चित्र फार वेगळं नाही. मे २०२१ पासून तिथल्या टायरवर ओल्यातल्या पकडीची ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी छापलेली असते. तीसुद्धा याच तीन गटांना.

आता याच्या शेजारी दुसरी आकडेवारी ठेवा. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. मंत्रालयाच्याच अहवालानुसार त्यातले ४४.५ टक्के लोक दुचाकीवर होते. चार चाकांवर, पत्र्याच्या आत बसलेल्या माणसाच्या टायरची पकड मोजली जाते. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याच्या टायरची नाही.

सायकलच्या टायरबाबत ही पोकळी काही स्वतंत्र परीक्षक थोडी भरून काढतात. नेदरलँड्समधलं ‘बायसिकल रोलिंग रेझिस्टन्स’ हे संकेतस्थळ वेगवेगळ्या टायरच्या पंक्चररोधाच्या आणि पकडीच्या चाचण्या करून निकाल मांडतं. महागडा टायर मागवण्याआधी तिथे नजर टाकलेली बरी.

खोल नक्षी म्हणजे जास्त पकड, हे खरं का?

सायकलच्या बाबतीत, डांबरी रस्त्यावर, नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे.

मोटारीच्या टायरवरची नक्षी पाणी बाहेर फेकण्यासाठी असते, नाहीतर वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो. नासाने साठच्या दशकात विमानांच्या चाकांवर अभ्यास करून एक ढोबळ सूत्र मांडलं होतं: टायरमध्ये हवेचा दाब जितका जास्त, तितका तरंगण्याचा वेग जास्त. त्या सूत्राने ६० पीएसआय हवा असलेला टायर ताशी सुमारे १२९ किलोमीटरला तरंगू लागेल. मुरुडहून नांदगावला जाणारी सायकल त्या वेगाच्या जवळपासही जात नाही. शिवाय सायकलचा टायर अरुंद आणि गोलसर असल्याने पाणी आपोआप बाजूला होतं.

म्हणून डांबरासाठी गुळगुळीत किंवा अगदी हलक्या नक्षीचा टायर चांगला. जास्तीत जास्त रबर रस्त्याला टेकतं. चौकोनी गोट्यांचा माउंटन बाइकचा टायर चिखलात कामाचा, पण डांबरी वळणावर त्याचे गोटे वाकतात.

हा हिशेब स्कूटर-मोटरसायकलला मात्र लावू नका. तिथे वेग जास्त असतो आणि दाब कमी. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर खोल नक्षी असलीच पाहिजे. स्कूटरचा टायर गुळगुळीत झाला की बदलायचा, त्यात तडजोड नाही.

टायर घेताना त्यावर काय वाचायचं?

आकडा: टायरच्या बाजूला ‘२८-६२२’ किंवा ‘७००×२८सी’ असं लिहिलेलं असतं. २८ म्हणजे रुंदी आणि ६२२ म्हणजे रिंगचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलचा २८ इंची टायर ६३५ मापाचा असतो. नाव ‘२८’ असलं तरी तो रोड बाइकला बसत नाही.

केव्हलार: हा शब्द दिसला की लगेच खूश होऊ नका. घडी घालता येणाऱ्या टायरच्या कडेला तारेऐवजी केव्हलारचा धागा असतो. त्याचा पंक्चरशी संबंध नाही. पट्टा टायरच्या माथ्याखाली आहे का, ते विचारा.

बाजूची भिंत: खडबडीत रस्त्यावर टायर बाजूनेही फाटतो. तिथेही संरक्षक जाळी आहे का, ते बघा.

वय: दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर कडक होतो. वाकवून बघा. बारीक भेगा दिसल्या तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

मग मुरुडसाठी कोणता टायर?

पहिलं पाऊल रुंदीचं. २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर शर्यतीसाठी ठीक. रोजच्या कोकणी रस्त्याला २८ किंवा ३२ मिलिमीटर घ्या. मात्र फ्रेममध्ये आणि ब्रेकमध्ये तेवढी जागा आहे का, आणि मडगार्ड बसतंय का, ते आधी तपासा.

दुसरं पाऊल: दोन्ही चाकांना एकच टायर असला पाहिजे असं नाही. मागच्या चाकावर वजन जास्त असतं, त्यामुळे पंक्चर जास्त तिथेच होतात आणि टायरही तोच लवकर झिजतो. पुढचं चाक घसरलं तर मात्र सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून मागे जाड पट्ट्याचा मजबूत टायर आणि पुढे ओल्यात चांगला धरणारा, मऊ रबराचा टायर, ही जोडी अनेक ठिकाणचे रोजचे सायकलस्वार वापरतात.

एकच प्रकार हवा असेल तर बारमाही वापरासाठी बनवलेले टायर शोधा. ‘ग्रां प्री ४ सीझन’ हा त्या जातीचा. असे परदेशी टायर काही हजारांत जातात. तेवढं बजेट नसेल तर निदान पुढच्या टायरवर पैसे खर्च करा. मागे साधा टायर चालेल, त्याच्या आत पंक्चररोधक पट्टी टाकता येते.

हवा किती भरायची?

‘टणक हवा, कमी पंक्चर’ हे अर्धंच खरं. हवा फार कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिंग आणि रस्त्याच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पण हवा फार जास्त असेल तर टायर दगडावरून उड्या मारतो, रस्त्याला नीट टेकत नाही आणि पकड जाते.

टायरच्या बाजूला किमान आणि कमाल दाब छापलेला असतो. कमाल आकडा म्हणजे ‘एवढी भरा’ नव्हे, ‘याच्या वर जाऊ नका’. ७० किलोच्या आसपास वजन असेल तर २८ मिलिमीटरला ७० पीएसआयच्या आगेमागे आणि ३२ मिलिमीटरला ५५-६० पासून सुरुवात करून बघा. पुढच्या चाकात थोडी कमी. पावसात आणखी पाचेक पीएसआय कमी केली तर फरक जाणवतो.

रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरची हवेची नळी बसत नाही. त्यासाठी छोटा पितळी अडॅप्टर मिळतो. तो, एक जादा ट्यूब, हातपंप आणि टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या सोबत ठेवा. दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर पंक्चरवाला लगेच मिळेलच असं नाही. आणि घरी पोहोचलात की टायरवरून ओला फडका फिरवून रुतलेली कच काढा. दोन मिनिटांचं काम, पण अनेक पंक्चर तिथेच टळतात.

टायर काय करू शकत नाही?

११ जुलै २०२१ च्या रात्री मुसळधार पावसात अलिबाग-मुरुड रस्त्यावरचा काशीदजवळचा जुना पूल कोसळला आणि एका दुचाकीस्वाराचा जीव गेला. त्यावर कोणत्याही टायरचं उत्तर नाही. शेवाळलेल्या जेट्टीचा उतार, पांढऱ्या रंगाचे ओले गतिरोधक, पाण्याखाली लपलेला खड्डा, इथे वेग कमी करणं किंवा सरळ उतरून चालणं हेच शहाणपण.

आता रेवस-रेड्डी सागरी महामार्गाचं काम पुढे सरकत आहे. आगरदांडा-दिघीसह खाड्यांवर पूल होणार आहेत. रस्ता रुंद झाला की गाड्यांचा वेग वाढेल आणि त्याच रस्त्याच्या कडेने शाळा, बाजार आणि नोकरी गाठणाऱ्या सायकली असतील. त्यांच्यासाठी वेगळी जागा ठेवायची की नाही, हे आराखड्यातच ठरायला हवं. तसंच मोटारीच्या टायरला लागू असलेली ओल्या पकडीची कसोटी दुचाकी आणि सायकलच्या टायरला का नाही, हा प्रश्नही विचारायला हवा. जीएसटी कमी झाल्याने सायकल स्वस्त झाली. ती सुरक्षित व्हायची असेल तर टायरवर एक आकडा जास्त छापावा लागेल.